काय नेसलीय ते सांग

आमच्या गल्लीत सिनेमा एकच बाई बघायची आणि सात जणी तो ऐकायच्या. बघणारी ती माझी आई.

ही पद्धत कधी पडली मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा ती पडलेलीच होती. सोलापुरात आमचं घर विणकरांच्या वस्तीत होतं. आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी माणसं. पुरुष मागावर, बायका विड्या वळायला. आम्ही मोहोळकडचे, पोटासाठी शहरात आलेलो. वडील सूत रंगवायच्या कारखान्यात होते आणि त्या दिवशी ज्या रंगाचं सूत निघालं असेल त्या रंगाचे हात घेऊन घरी यायचे. आई शेजारणींबरोबर विड्या वळायची. सगळी गल्ली जिला थोरली अक्का म्हणायची त्या शेजारणीच्या घरापुढं पत्र्याची पडवी होती. तिथं आठ बायका सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात कापलेली पानं, मधे तंबाखूचा ढीग, गुडघ्यापाशी दोऱ्याचं रीळ. दिवसाला हजार विड्या प्रत्येकीच्या अंगावर.

शनिवारी दुपारी मात्र आईचं सूप रिकामं असायचं. तिची पानं बाकीच्या सात जणी आपापल्या सुपात वाटून घ्यायच्या, आई धुतलेलं लुगडं नेसायची आणि तीनच्या खेळाला जायची. सोमवारी सकाळी ती पिक्चर सांगायला सुरुवात करायची. तीन तासांचा पिक्चर तिला गुरुवारपर्यंत पुरायचा.

बायका स्वतः का जात नव्हत्या, असं मला पुढं लोकांनी विचारलं. एक तर आठही जणी उठून गेल्या तर विड्या कोण वळणार? दुसरं म्हणजे त्यातल्या निम्म्यांना हिंदी धड कळत नव्हतं. पण खरं कारण तिसरंच होतं. थोरली अक्का एकदा पाहुण्यांबरोबर थेटरात जाऊन आली. सोमवारी सगळ्यांच्या आधी पडवीत येऊन बसली आणि आईला म्हणाली, "बघून आले मी. आता तू सांग, काय होतं ते."

आईच्या सांगण्याला नियम होते. ते तिनं कधी बोलून दाखवले नाहीत आणि मोडलेही नाहीत. गोष्टीचा अर्थ ती सांगायची नाही. हा चांगला, तो वाईट, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती सांगायची, हा माणूस जिना उतरताना एक पायरी सोडून उतरतो. बुधवारी त्या माणसानं खून केला की बायका म्हणायच्या, तरीच पायरी सोडत होता मेला. गाणं ती म्हणायची नाही, तिला आवाजच नव्हता. गाणं चालू असताना मागं काय चाललंय ते सांगायची. लांबलचक भाषणांना तर ती एका वाक्यात वाटेला लावायची. एका पिक्चरमध्ये नायक कोर्टात पंधरा मिनिटं बोलत होता. आईनं सांगितलं, "वकील लई बोलला. जज्जानं दोनदा पानी पिलं." पण त्याच पिक्चरमध्ये एक म्हातारी "माझं काय?" असं तीनदा म्हणत होती. ते आईनं तिन्ही वेळा म्हणून दाखवलं आणि तिसऱ्यांदा नुसते ओठ हलवले. सात सुपांवरचे हात थांबले होते.

सगळी पात्रं आमच्या मोहोळच्या भाषेत बोलायची. लंडनहून शिकून आलेला नायक बंगल्यात पाऊल टाकून म्हणायचा, "आई, म्या आलो की गं!" यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

आणि रंग. जुने काळेपांढरे पिक्चर पुन्हा लागायचे, तेव्हा त्यातल्या बायकांना आई मनासारखी पातळं नेसवायची. त्या बाबतीत तिला कुणी खोटं पाडू शकत नव्हतं, कारण खरं काय ते पडद्यावर नव्हतंच. रंगीत पिक्चरमध्ये मात्र तिचा कारभार चोख असायचा. नुसतं लाल म्हणून तिचं भागत नसे. डाळिंबी, विटकरी, शेंदरी, आमसुली, राणी. वडिलांच्या हातांवर तिनं हे सगळे पाहिले होते. बायकांची घरंही मागावरची, त्यांनाही फरक कळायचा. अंजिरी म्हटलं की सातही जणी एकच पातळ बघायच्या.

मी कॉलेजात गेले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. घरातली कॉलेज पाहणारी मी पहिलीच. मराठीच्या सरांनी एक चित्रपट मंडळ काढलं होतं. आम्ही दहाबारा मुलंमुली गावातल्याच थेटरात पिक्चर बघायचो आणि शुक्रवारी वर्गात बसून त्याची चिरफाड करायचो. सर चांगले होते. अलंकार, रूपक, पुनरुक्ती हे सगळं कवितेत असतं तसं सिनेमातही असतं, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. मला ते फार आवडलं, आणि आवडलं की माणूस ते सगळीकडे लावतो. आरसा दिसला की मी दुभंगलेलं मन लिहायची. जिना दिसला की अधोगती. पांढरं दिसलं की रितेपण. त्या वर्षी मी फार हुशार होते. पडवीतून जाताना आईचं सांगणं कानावर पडायचं आणि मला ते गावंढळ वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं ते खरं.

एका शनिवारी आई म्हणाली, "तू बी चल." मी म्हटलं, कशाला? "सोबतीला," म्हणाली. इतकी वर्षं तिला सोबत लागली नव्हती.

थेटरात बायकांची बाजू वेगळी होती. आई सगळ्यात कडेच्या खुर्चीवर बसली. दिवे गेले, पिक्चर सुरू झाला आणि मी पाहिलं तर तिनं तोंड बाहेर जायच्या दाराकडं वळवलेलं.

"आई, पडदा इकडं आहे."

"ठावं हाय."

थोड्या वेळानं तीच बोलली. "समोर बघितलं की मधलं जातंय. मान्सांची तोंडं जात्यात. तोंड फिरवलं की कडंकडंनं दिसतंय जरा."

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बत्ती टाकून पाहिलं आणि म्हणाले, डोळ्याची नस सुकत चालली आहे. गेलेलं परत यायचं नाही. उरलेलं किती दिवस राहील सांगता येणार नाही. त्यांनी हे सरळ सांगितलं आणि आईनं सरळ ऐकलं. घरी येताना ती वाटेत म्हणाली, "इड्यांचं काय न्हाय. त्या हातानं व्हत्यात." खरंच होतं. विडी वळताना तिनं सुपाकडं पाहिलेलं मला आठवत नव्हतं. मग ती म्हणाली, "पडवीत कुनाला सांगू नगंस."

"त्यात लपवायचं काय आहे?"

"मग शनवारचं जाईल."

एवढंच म्हणाली. मला ते नीट कळायला वेळ लागला. आठवड्याचे बाकी दिवस ती आठव्या सुपावरची बाई होती. शनिवारी ती उठायची, कारण सात जणींनी आपले हात तिला दिलेले असायचे. सोमवारी त्या सात जणी तिच्या तोंडाकडं बघत बसायच्या. गावाकडून येताना जे सगळं मागं राहिलं त्याच्या बदल्यात तिला शहरानं एवढंच दिलं होतं. ज्या बाईला दिसत नाही तिला पिक्चरला कोण पाठवेल? डोळे जाण्यापेक्षा तिला ती जागा जाण्याची भीती जास्त होती, आणि ती जागा टिकवायची असेल तर तिला दुसरे डोळे लागणार होते. म्हणून मी.

त्यानंतर दर शनिवारी मी आईच्या कानाशी लागून पिक्चर सांगायला लागले. हिंदी तिला उत्तम कळायचं, त्यामुळं बोलणं आणि गाणी तिची तीच घ्यायची. मी फक्त दिसतं ते पुरवायचं. मला वाटलं, हे तर माझं रोजचंच काम आहे.

पहिल्याच पिक्चरला मी म्हटलं, "ती खूप दुःखी आहे."

"कुटं दिसलं तुला?"

"म्हणजे?"

"दुःखी हाय हे मला ऐकू येतंय. हात कुटं हायेत तिचं?"

मी पाहिलं. "पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. सोडतेय. परत गुंडाळतेय."

"असं सांग की."

मी म्हणायची, "त्याला पश्चात्ताप होतोय." ती म्हणायची, "त्ये मी ठरवंन. तू काय हाय त्येवढं दे." मी म्हणायची, "घर उदास दिसतंय." ती विचारायची, "दिवा कुटं हाय?" आणि प्रत्येक नव्या प्रवेशाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय नेसलीय?" मी लाल म्हटलं की ती गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं एवढं जड असायचं की मी पुन्हा बघून विटकरी म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिला माझ्या आधी दिसायची. तोंड दाराकडं करून बसल्यामुळं पडद्याच्या कडा तिच्या वाट्याला आल्या होत्या. "दारात कोन उबं हाय?" ती विचारायची. मी सगळा वेळ नायिकेच्या चेहऱ्याकडं बघत असायची. नीट पाहिलं की खरंच दारात एक मोलकरीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि सगळं ऐकत असायची. पुढच्या तासात तीच मोलकरीण साक्ष द्यायची. मी कडा बघायला तिच्याकडून शिकले.

मंडळातलं माझं लिहिणं बदललं. हे माझ्या लक्षात यायच्या आधी सरांच्या लक्षात आलं. "तुझं निरीक्षण एकदम सुधारलंय," ते वर्गात म्हणाले. "घरी कुणी वाचणारं आहे का?" मी नाही म्हटलं. उत्तर खरं होतं. आईला अक्षरओळख नव्हती. तरी ते म्हणताना मी कुणाला तरी नाकारतेय हे मला कळत होतं, आणि मी ते आरामात नाकारलं.

असं वर्ष गेलं. पडवीत कुणाला शंका आली नाही. उलट आईचे पिक्चर लांबायला लागले होते, सोमवारचा शुक्रवारपर्यंत जायला लागला होता. अक्का म्हणायची, "आजकाल हिला जास्तच दिसतंय."

मग तो पिक्चर लागला. त्याची गोष्ट थोडक्यात अशी. एका नव्या नवरीला डाळिंबी पातळ नेसवून सासरी आणतात. मध्यंतराच्या आधी नवरा मरतो. पुढचा सगळा वेळ ती पांढऱ्यात असते, सासरचं मोठं घर आणि त्या घरात पांढरं नेसून फिरणारी ती. शेवटी तिला दुसऱ्या गावी शाळेत नोकरी लागते आणि एका सकाळी ती पेटी घेऊन घराबाहेर पडते. संपला.

आमच्या मंडळातल्या सगळ्यांनी त्याच पिक्चरवर निबंध लिहायचा होता. उत्तम ठरेल तो कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून येणार होता. माझा निबंध पिक्चर संपायच्या आधीच माझ्या डोक्यात तयार झाला होता. पांढरा रंग. रितेपण. मी वही बरोबर नेली होती. शेवटच्या काही मिनिटांत मला एक चांगलं वाक्य सुचलं आणि ते निसटू नये म्हणून मी अंधारातच मान खाली घालून लिहायला लागले. पिक्चर संपत आला की लोक उठायला लागतात, तसे उठले. खुर्च्या आपटल्या. पुढं माणसांच्या पाठी उभ्या राहिल्या.

"काय नेसलीय?" आईनं विचारलं.

"तेच," मी म्हटलं. "पांढरं."

वाक्य पूर्ण करून मी मान वर केली तेव्हा पडद्यावर रिकामा रस्ता होता आणि दिवे लागत होते.

सोमवारी आईनं सुरुवात केली. तो पिक्चर तिनं फार सुरेख सांगितला, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ते सासरचं घर मला थेटरात दिसलं नव्हतं एवढं पडवीत दिसलं. शुक्रवारी सकाळी ती शेवटाला आली. मी कॉलेजला जायच्या आधी पायरीवर बसून केस विंचरत होते.

"सकाळची निगाली," आई म्हणाली. "हातात पेटी. मागं वळून बघितलं न्हाय. नेसलीय त्येच, पांढरं. रस्त्याला लागली. रस्ता रिकामा झाला. संपला."

बायकांनी सुस्कारे सोडले. तेवढ्यात अक्काची धाकटी सून बोलली. लग्न होऊन चारच महिने झालेली, थोरली जाऊ माहेरी गेल्यापासून तिच्या सुपावर बसणारी पोर. रविवारी नवऱ्यानं तिला पहिल्यांदा पिक्चरला नेलं होतं, आणि तो नेमका हाच पिक्चर होता. आठवडाभर ती गप्प बसली होती, कारण आईचं सांगणं तिला आवडलं होतं. आता तिला राहवलं नाही.

"मावशी, पांढरं नाही ना," ती म्हणाली. "डाळिंबी नेसली होती ती. पहिल्यांदा घरात आली तेव्हाचं, तेच."

आईचे हात थांबले. पिक्चर सांगताना तिचे हात थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. मला तिथं पायरीवर बसल्याबसल्या सगळं कळलं. त्या पिक्चरचं सगळं इंगित त्या एका पातळात होतं. ती बाई ज्या रंगात आली त्याच रंगात गेली, आणि मी तिला पांढऱ्यात घालवून दिली होती. मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. माझा कंगवा केसांत अडकला होता आणि मी तो सोडवत बसले.

"तुजं बरोबर आसंल," आई सुनेला म्हणाली. मग अक्काच्या दिशेनं वळून म्हणाली, "मला दिसलं न्हाय. मला वरीस झालं दिसत न्हाय, अक्का. मधलं कायबी दिसत न्हाय."

सुपांवरच्या माना वर झाल्या. मग अक्का म्हणाली, "मग इतके दिवस सांगत होतीस ते?"

"हिकडनं तिकडनं ऐकून."

हिकडनं तिकडनं म्हणजे मी. पण तिनं माझ्याकडं तोंडसुद्धा केलं नाही. दोरे ओढल्याचे आवाज पुन्हा सुरू झाले आणि मी कॉलेजला निघून गेले.

त्याच दुपारी सरांनी माझा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. "पांढऱ्याचं रूपक हिनं शेवटच्या दृश्यापर्यंत नेलंय," ते म्हणाले. वर्गात बारा जण होते, पिक्चर सगळ्यांनी पाहिला होता, सरांनी तर दोनदा. त्या शेवटाला ती काय नेसली होती हे एकालाही दिसलं नव्हतं. सगळे उठले असतील. मी खाली मान घालून कौतुक ऐकून घेतलं. निबंध अंकात छापून आला. अंक अजून माझ्या कपाटात आहे आणि ती बाई त्यात अजून पांढरं नेसूनच जाते.

संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी शेजारी बसले. मला वाटत होतं ती काही तरी बोलेल. ती बोलली ती अशी, "तू लिवत हुतीस न्हवं? पेनाचा आवाज येत हुता."

"तुला माहीत होतं?"

"कान शाबूत हायेत माजं."

"मग माझं नाव का घेतलं नाहीस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "माजं डोळं जायाचंच हायेत. त्येंच्यावर घातलं तर काय बिगडलं? तुज्या डोळ्यावर घातलं आस्तं तर तुज्यावर परत कोन इश्वास ठेवंल? तुला पुढं ह्येच काम करायचंय."

मला रडू आलं. तिला ते दिसलं नसावं, पण ऐकू आलं असावं. तिनं भाकरी उलटली.

शनिवारी सकाळी पडवीत गोष्ट नव्हती. बायकांनी सुनेला म्हटलं, तू बघून आलीस तर तूच सांग बघू नीट. ती लाजत म्हणाली, "एक मुलगी असते. तिचं लग्न होतं. नवरा मरतो. मग ती जाते. फार छान आहे." तिचा पिक्चर विड्यांचं एक बंडल व्हायच्या आत संपला. पोरीनं सगळं पाहिलं होतं, पण तिला विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

जेवणं झाली. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. आईनं लुगडं बदललं नाही. ती आपल्या जागेवर बसली होती आणि शनिवार असून तिचं सूप पानांनी भरलेलं होतं. सात जणी मान खाली घालून विड्या वळत होत्या. कुणी तिला ऊठ म्हणत नव्हतं आणि बस असंही म्हणत नव्हतं. ती जर त्या दिवशी बसून राहिली असती तर पुढच्या शनिवारी कुणालाच काही वाटलं नसतं. गोष्टी अशाच बंद पडतात.

मी पायरीवर उभी राहिले. माझा आवाज उगाचच मोठा झाला.

"त्या दिवशी शेवटी मी पडद्याकडं बघतच नव्हते," मी म्हटलं. "वहीत लिहीत होते. आईनं विचारलं काय नेसलीय, आणि मी न बघता पांढरं म्हणून सांगितलं. वर्षभर मीच तिला सांगतेय. ती चुकली नाही. मी चुकले."

आई म्हणाली, "गप बस." पण ते उशिरा म्हणाली.

थोरली अक्का सगळ्यात वयस्क. साठीची बाई, अर्धा जन्म मागाच्या खटखटीत गेलेला. तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, तोडला. मग म्हणाली, "सूतच कच्च्या रंगाचं आलं तर विणणारीचा काय दोष?" आणि वाकून तिनं आईच्या सुपातली मूठभर पानं उचलून आपल्या सुपात टाकली. पलीकडचीनं हात घातला. मग तिच्या पलीकडचीनं. पाहता पाहता आईचं सूप मोकळं झालं.

"ऊठ," अक्का म्हणाली. "तीन वाजतात."

"मला दिसत न्हाय म्हनले न्हवं."

"दिसायला ही माझी सून जाऊन आली की. काय सांगितलं तिनं? ऊठ."

आई उठली. आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली. मी सवयीनं चपला पायात घातल्या होत्या. ती माझ्या पुढून गेली आणि अक्काच्या सुनेपाशी थांबली.

"तू चल माज्यासंगट," ती म्हणाली. "मी इचारंन त्येवढंच सांगायचं. न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं म्हनायचं."

सून सासूकडं बघून उठली, हात झटकले आणि आनंदानं निघाली. तिचं सूप मागं राहिलं, अर्धं भरलेलं. अक्कानं ते उचललं आणि मला खूण केली. मी चपला काढून तिच्या जागी बसले. सूप माझ्या मांडीवर आलं. लहानपणी मी वळायला शिकले होते, मग अभ्यासाच्या नावानं सोडलं होतं. पहिली विडी माझ्या हातात उलगडली. दुसरी अक्कानं हातातून काढून घेतली आणि पुन्हा पान भिजवून दिलं.

त्या दोघी गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या होत्या. तिथं आई थांबली, मागं वळली. आणि पडवीकडं न बघता तिनं तोंड बाजूच्या भिंतीकडं फिरवलं. तशीच उभी राहिली, बराच वेळ. सून तिचा हात धरून वाट बघत होती.

माझ्या शेजारची बाई म्हणाली, "फार रागावली गं तुझ्यावर. तोंडसुद्धा फिरवून उभी राहिली बघ."

मी भिजवलेलं पान हातात घेतलं. भिंतीकडं तोंड करून आई मला बघत होती.